चारशेवं अंगण

दालानझादगाद, २० मार्च २०१०

योंदोन,

पत्राला सुरुवात कशी करायची तेच कळत नाहीये. एरवी ‘हिवाळा सुखरूप गेला ना, जनावरं अंगाने भरलेली आहेत ना’ असं विचारायचं आणि मग पुढचं लिहायचं. या वर्षी ते विचारायला हात धजत नाही. परवा गोंचिग पिठाची पोती उतरवून माझ्या पाणी वाटायच्या खिडकीपाशी आला आणि टोपी काढून नुसताच उभा राहिला. सव्वीस वर्षं ट्रक चालवणारा माणूस, एरवी त्याचं तोंड बंद करावं लागतं. तीनशे ऐंशी जनावरांतल्या एकोणीस शेळ्या आणि अकरा उंट उरले म्हणाला. खरं का रे हे?

फोन केला असता, पण तुमच्याकडे टेकडीवर चढल्याशिवाय रेंज नाही आणि चढलास तरी तुला ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी मी रडत सांगत होते, तुझे दाजी ल्हाम्सुरेन गेले म्हणून, आणि तू ‘बरं बरं, छान’ म्हणालास. तेव्हापासून ठरवलंय, तुझ्याशी बोलायचं ते कागदावर.

आता कामाचं ऐक. तू आणि चिमगे, नवरा-बायको दोघं इकडे या. जागा मी मिळवली आहे, आणि ती कशी मिळवली ते ऐकलंस तर तुला आयुष्यभर माझ्यासाठी कोळसा फोडावा लागेल.

मी खिडकीत बसायला लागले तेव्हा आमच्या शारखाद वस्तीत चाळीस घरं होती. कोणाच्या कॅनला कुठे चीर आहे तेसुद्धा मला ठाऊक होतं. आता कुंपण घातलेली तीनशे नव्व्याण्णव अंगणं आहेत, अंगणागणिक एक घर. निम्मे खाणीच्या कामावर आलेले, निम्मे तुमच्यासारखे, बर्फाने जनावरं नेली म्हणून आलेले. सकाळी सातला खिडकी उघडते तर हातगाड्यांची रांग शाळेच्या भिंतीपर्यंत गेलेली असते. आणि बोअरचं पाणी चार वर्षांत सात मीटर खाली गेलंय. पूर्वी टाकी वीस मिनिटांत भरायची, आता चाळीस लागतात. बाहेरून येणारा म्हणतो, केवढी जमीन पडली आहे, नजर पोचत नाही! जमिनीचं काय करायचंय? ती काय प्यायची आहे? इथे किती माणसं मावतील ते जमीन नाही सांगत, बोअर सांगते.

म्हणून वस्तीच्या सभेत मीच उभी राहिले. म्हटलं, चारशे घरं. त्याच्यावर एकही नाही, नवी बोअर होईपर्यंत. आमचे वस्तीप्रमुख पुरेव हिशेब करून मान डोलवत होते, लोक कुरकुरले, पण पाण्याबद्दल माझ्याशी वाद कोण घालणार? ठराव झाला. आणि मग मी म्हटलं, शेवटचं अंगण माझ्या भावाला द्या. जागा मागणाऱ्यांच्या यादीत त्रेसष्ट नावं आहेत रे! कोणी म्हणालं दुलमाबाई, हे बरं, दार लावायचं आणि आधी आपला माणूस आत घ्यायचा. मी म्हटलं, सव्वीस वर्षं या खिडकीतून हात बाहेर काढला तो द्यायला, आज पहिल्यांदा मागायला काढतेय. मग पुरेवनी अंगणाच्या कागदावर तुझं नाव लिहिलं, तो सोबत पाठवतेय.

मला सवय आहे एकटीची, माझी काळजी करू नकोस. पण तू मागे भेटायला आलास तेव्हा म्हणाला होतास, ‘ताई, एक दिवस तुझ्या शेजारी घर उभारतो.’ तो दिवस आला म्हण.

तुझी ताई,
दुलमा


उलान देर्स, ११ एप्रिल

ताई,

गोंचिगने सांगितलं ते खरं आहे. मेंढी एकही नाही. शेळ्या एकोणीस, त्यातल्या दोन उभ्या राहत नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी दार उघडेना. वाटलं बर्फ साचला असेल. खांद्याने रेटलं तर जड काहीतरी सरकलं. ऊब लागते म्हणून शेळ्या दाराला टेकून उभ्या राहिल्या होत्या आणि तशाच गोठल्या. ते दार ढकलून मला बाहेर यावं लागलं. एवढंच सांगतो, पुन्हा नाही सांगणार. चिमगेने दोन दिवस कातडी सोलली. मग सुरी पुसून ठेवली आणि म्हणाली, आता पुरे.

उंट मात्र टिकले. वाळलेल्या कुबडांनी, पण टिकले. चार उंटिणी गाभण आहेत.

तू जागा मिळवलीस. सभेत तू उभी राहिली असशील तर बाकीच्यांची काय बिशाद! आम्ही येतो. तुझं ऐकलं नाही असं कधी झालंय का? आई गेली तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि मी पाचाचा. तेव्हापासून तू बस म्हटलं की बसतोय. मेच्या मध्यापर्यंत वाळूची वादळं जरा कमी झाली की निघतो.

तिथे मी काय करायचं तेही कळव. पन्नाशीला टेकलेल्या बहिऱ्याला खाणीवर घेतात का?

चिमगे बरी आहे. हल्ली फार बोलत नाही. तुमच्या अंगणात अकरा उंट मावतील का, असं विचारत होती.

तुझा,
योंदोन


दालानझादगाद, २९ एप्रिल

योंदोन,

उंट! अंगणात अकरा उंट! चिमगेला म्हणावं, इथे माणसाला दिवसाला तीन कॅन मिळताना मारामार, उंटाला काय माझ्या डोळ्यांतलं पाणी पाजू? उंट वाटेत कोणालातरी देऊन टाका. तीन-चार राहू द्या म्हणत असशील तर तेही नाही. रांगेतली माणसं मला जिवंत सोडणार नाहीत.

बाकी सगळं तयार आहे. तीन बाजूंनी फळ्यांचं कुंपण उभं झालंय, चौथ्या बाजूला माझीच भिंत. मधे दार काढलंय, म्हणजे बाहेरून वळसा घालायला नको. फाटकावर ४०० आकडा मी स्वतः रंगवला, निळ्या रंगात. शून्य जरा वाकडं आलंय. शाळेत रखवालदार हवा आहे, पुरेवशी बोलले. मी म्हटलं, माझा भाऊ बहिरा आहे म्हणजे पोरांच्या आरडाओरड्याने चिडायचा नाही. ते हसले, म्हणजे झालंच समज.

पंधरा मेपर्यंत या. शहर झालं तरी उतरणाऱ्या घराला पहिला चहा शेजाऱ्याने न्यायचा हे आम्ही काही सोडलेलं नाही. ट्रकची धूळ दिसली की मी निघालेच.

ताई


दालानझादगाद, २१ मे

योंदोन,

निघाला नसशील तर निघू नकोस. निघाला असशील आणि गोंचिग वाटेत भेटला तर मागे फिर.

तसं काही झालेलं नाही. धूळ फार आहे. पंपाचा पट्टा तुटला होता, म्हणजे आता बसवलाय, पण पुन्हा तुटेल असं वाटतं. शाळेच्या नोकरीचंही सुट्टी संपल्याशिवाय काही नाही. माझा गुडघाही दुखतोय. थोडं थांबा. पानगळीपर्यंत थांबलात तर उत्तम.

जागेची काळजी करू नकोस. जागा आहे तिथेच आहे, जागा कुठे जाणार?

गोंचिगला काही विचारू नकोस, त्याला काही माहीत नाही.

ताई


उलान देर्स, ६ जून

ताई,

तुझं पत्र अगदी वेळेवर आलं. आम्ही तंबूघराचा वरचा लोकरी नमदा उतरवलाच होता, दोऱ्या गुंडाळत होतो. गोंचिग हाका मारत आला, मला अर्थातच ऐकू गेलं नाही, चिमगेने धावत जाऊन पत्र घेतलं. वाचलं आणि लगेच नमदा परत चढवायला लागली. एवढ्या भराभर तिला काम करताना मी लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

थांबायला आमची काहीच हरकत नाही. पानगळीपर्यंत म्हणतेस ना? हिवाळ्यापर्यंतही थांबू. पुढच्या वसंतातही चालेल. पंप हा नाजूक विषय आहे, सावकाश होऊ दे. गुडघाही सावकाश बरा होऊ दे. आम्ही मजेत आहोत. पाऊस बरा झालाय. उंटिणी व्यायल्या, चारही पिल्लं उभी आहेत.

अजिबात घाई करू नकोस. खरंच अजिबात करू नकोस.

योंदोन


दालानझादगाद, २५ जून

योंदोन,

एवढं टोचून बोलायची गरज नव्हती. ‘पुढच्या वसंतातही चालेल’ म्हणे! ‘गुडघा सावकाश बरा होऊ दे’ म्हणे! मी तुला पाचाचा असल्यापासून वाढवलंय. तू रागावलास की गोड होतोस. लहानपणी खरवडीची वाटी मी दुसऱ्याला दिली की असाच म्हणायचास, ‘मला नकोच होती.’

आणि गोंचिग सांगत होता, तू दगड वाहतोयस. उंटावर लादून टेकडीच्या आडोशाला नेतोयस, छातीएवढी भिंत झाली आहे म्हणाला. ज्याला शहरात यायचंय तो जनावरांसाठी हिवाळी आडोसा बांधतो का? एकोणीस शेळ्यांसाठी? म्हणजे तू माझ्यावरचा विश्वास सोडलास. ताईचं काही खरं नाही, आपलं आपण बघावं, असं तुझ्या मनात आलंय. तसं स्पष्ट लिही ना. मला झेपतं.

सरळ विचारते. माझ्यावर रागावलायस का?

दुलमा


उलान देर्स, १२ जुलै

ताई,

रागावलेलो नाही. दगड असेच वाहतोय, हात रिकामे राहिले की नको ते आठवतं.

सोबत उंटिणीच्या दुधाच्या वड्या पाठवतो आहे, चिमगेने घराच्या छपरावर वाळवल्या आहेत. गोंचिगने वाटेत खाल्ल्या नाहीत तर दोन पिशव्या पोचतील.

बाकी सगळं ठीक.

योंदोन


दालानझादगाद, ३ ऑगस्ट

योंदोन,

एकच पिशवी पोचली.

हे पत्र बसून वाच. चिमगेलाही बोलव. दोघांनी मिळून मला काय शिव्या द्यायच्या त्या एकदमच द्या.

जागा गेली. मीच घालवली.

सोळा मेची गोष्ट. दुपारी पिवळी धूळ उठली, हात पुढे केला तर बोटं दिसेनात. खिडकी बंद करून मी घरात बसले होते. वारा जरा बसला तसा तुमच्या कुंपणापाशी ट्रकचा आवाज आला. बाहेर डोकावले. एक माणूस, डोकं-तोंड फडक्यात गुंडाळलेला. एक बाई, तीही तशीच. दोघं नमदा धरतायत आणि वारा तो हिसकावतोय. मला वाटलं, तूच! पंधराला ये म्हटलं होतं, सोळाला आलास, तुझ्या मानाने लवकरच. चहा तयारच होता, चार दिवस रोज करून ठेवत होते. थर्मास, तळलेल्या पुऱ्यांचं ताट, उकडलेलं मटण, सगळं घेऊन धावले. गुडघ्याचं भान राहिलं नाही. वाटी भरून त्या माणसापुढे धरली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, मोठा घोट घेतला आणि तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

तू नव्हतास रे.

सोदोव नाव त्याचं. बायको हांडा. ट्रकच्या केबिनमधे तीन पोरं एकावर एक झोपलेली. पूर्वेकडच्या तालुक्यातले, सगळं बर्फात गेलेले. तो म्हणाला, ‘भलं होवो तुमचं मावशी. दोन दिवसांत तीन ठिकाणांहून उठवलं आम्हाला. शेवटचं अंगण रिकामं दिसलं म्हणून थांबलो. चहा आणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’ आणि ती हांडा, वाटी हातात धरून रडायलाच लागली.

आता तू सांग, मी काय करायचं होतं? वाटी परत मागू? ‘माफ करा, हा चहा दुसऱ्यांचा होता’ म्हणू? उतरत्या माणसाला चहा नेला म्हणजे ‘या, आमचे शेजारी व्हा’ म्हटल्यासारखं झालं. आईने आपल्या हातात किटली दिली ती हेच शिकवून दिली. चहा पाजून उठवलेलं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. मी तिथेच उभी राहून त्यांचा नमदा धरला. नाहीतर करणार काय? वारा होता ना.

दुसऱ्या दिवशी पुरेव आले. म्हणाले, ‘दुलमाबाई, कागद तुमच्या भावाच्या नावावर आहे. तुम्ही एक शब्द बोला, संध्याकाळपर्यंत यांना उठवतो.’ पाण्याची सगळी रांग कान देऊन उभी. हांडा कॅन घेऊन रांगेत होती, तिने मान खाली घातली. मी नळ सोडला आणि तिचा कॅन भरला. एवढंच केलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, ‘चारशेच्या वर नको म्हणून ओरडली तीच, आणि चहा घेऊन धावली तीही तीच.’ लोक हसले. मलाही हसू आलं असतं, तू मनात नसतास तर.

आता तुमचं घर झालं चारशे एकावं. आणि चारशे एक नको हे मीच भर सभेत सांगितलंय. बोअर अजून तीच आहे, टाकी भरायला आता बेचाळीस मिनिटं लागतात. परक्यांच्या पोरांना नाही म्हणायला लावलं मी लोकांना, आता आपल्या भावासाठी कोणत्या तोंडाने हो म्हणायला लावू?

तेव्हाच कळवायला हवं होतं. हिंमत झाली नाही. पंपाचा पट्टा तुटला नव्हता. गुडघा मात्र खरंच दुखतो. मला वाटलं उन्हाळ्यात कोणीतरी वस्ती सोडून जाईल, एखादं अंगण सुटेल, तुला कळायच्या आत सगळं जागेवर येईल. कोणी गेलं नाही. इथून कोणी जात नाही.

तू दार ढकलून बाहेर आलास ते लिहिलं होतंस. ते वाचल्यापासून रोज ठरवत होते, या माणसाला मी माझ्या शेजारी आणणार, उबेत ठेवणार. आणि मीच तुझी जागा परक्याच्या हातात वाटीभर चहाबरोबर देऊन बसले. लाज वाटते रे. फार लाज वाटते.

तुझी,
दुलमा


उलान देर्स, १७ ऑगस्ट

ताई,

पत्र दोनदा वाचलं. मग चिमगेला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘जागा गेली’ इथपर्यंत आलो आणि ती उठून बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली. मागोमाग जाऊन बघतो तर उंटिणीच्या मानेला मिठी मारून हसत होती. मग मलाही हसू आलं. दोघं बराच वेळ हसलो. पिल्लं घाबरून लांब गेली.

ताई, तू आता बस. आम्हाला यायचं नव्हतं.

मार्चमधे तुझं पत्र आलं तेव्हा खरंच दुसरा रस्ता दिसत नव्हता. पण एप्रिलमधे उंट चरायला लागले, हिरवं दिसायला लागलं, आणि चिमगे एकदा सकाळी म्हणाली, ‘मी कुंपणाच्या आत मरेन.’ तिने आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, ताईने त्रेसष्ट माणसांशी भांडून जागा घेतलीय, आणि ती एकटी आहे, मी शब्द दिलाय. ती म्हणाली, मग जाऊ. आणि बोलायचीच बंद झाली. मे महिन्यात नमदा उतरवताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. तेवढ्यात तुझं ‘निघू नकोस’ आलं. ताई, माझा जीव असा भांड्यात पडला की विचारू नकोस! तू त्याला टोमणा समजलीस. मी मनापासून लिहिलं होतं. तुझा पंप तुटला म्हणून मी देवाला दूध शिंपडलं.

आणि आता दुसरं. जूनमधे तालुक्याच्या कचेरीतला माणूस आला होता. पलीकडच्या दोन विहिरी सांभाळणारी घरं शहरात निघून गेली, विहिरी ओस पडल्यात. इथली, उलान देर्सची, सांभाळशील का म्हणाला, पगार देऊ. मी हो म्हटलं. गाळ काढला, कठडा बांधला. दगड त्यासाठी होते, उरलेल्यांचा आडोसा. तुला कसं सांगू कळेना. तू माझ्यासाठी भांडलीस आणि मी इथे विहीर धरून बसलो, हे कोणत्या तोंडाने लिहू? म्हणून वड्या पाठवल्या.

एक सांगतो. ही विहीर दिवसाला पाचशे जनावरं भागवते. त्याच्यावर गेलं की चिखल येतो. गेल्या आठवड्यात दोन घरं सहाशे घेऊन आली. मी एकाला थांबवून घेतलं, दुसऱ्याला म्हटलं, उत्तरेला जा, एक दिवसाची वाट आहे. मला आधी चहा द्यावासा वाटला, दिलाही, आणि मग नाही म्हटलं. चहा देऊन नाही म्हणता येतं, ताई, पण ते फार वाईट लागतं. रात्रभर त्याचा चेहरा दिसत होता. तू हे सव्वीस वर्षं कशी करत आलीस ते आता मला कळायला लागलंय.

चारशेव्या अंगणाचा कागद सोबत आहे. मागे सही करून सोदोवच्या नावावर केलंय. तुझी लाजबीज बंद कर. तू परक्याला दिलीस ती जागा मला नकोच होती. हे मी गोड होऊन लिहीत नाहीये.

फक्त एक राहतं. शब्द मी दिला होता तो तुला. तू तिथे एकटीच राहिलीस. त्याचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर उपाय सुचत नाही.

तुझा,
योंदोन

ताई, मी चिमगे. याचं सगळं खरं आहे, फक्त उंटिणीच्या गळ्यात पडून मी थोडी रडलेही. तुम्ही रागावू नका. तुम्ही फळ्यांचं कुंपण घातलंत, रंग दिलात, ते सगळं मला दिसत होतं आणि माझ्या अंगावर काटा येत होता, आणि काटा आला म्हणून स्वतःचा रागही येत होता. याला बोलता येत नाही आणि तुम्ही कोणाला बोलू देत नाही, म्हणून पाच महिने गेले. यापुढे पत्रं मी लिहीन.


दालानझादगाद, ६ सप्टेंबर

योंदोन, चिमगे,

मूर्खांनो! मी मेपासून धड जेवले नाही! रोज तुमच्या नावाने उसासे टाकून टाकून हांडाला वाटायला लागलं की मला दम्याचा आजार आहे. आणि तुम्ही तिकडे माझ्या पंपासाठी दूध शिंपडताय!

पत्र खिडकीतच वाचलं. नळ चालू राहिला, कॅन भरून वाहायला लागला, रांगेतल्या बाया ओरडल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून पाणी सांडलं. हांडाने आत येऊन नळ बंद केला आणि विचारलं, ‘मावशी, काय झालं?’ मी म्हटलं, माझा भाऊ येत नाहीये. आणि हसायलाच लागले, थांबेना. तिला वाटलं, आता हिचं डोकंच फिरलं. मग कागद दिला तिच्या हातात. ती खाली बसली. संध्याकाळी सोदोवने फाटकावरचं वाकडं शून्य पुसून नीट काढलं. मला जरा राग आला, पण बोलले नाही. चिमगे, बघ, मीही कधीकधी बोलत नाही.

हलकं वाटतंय. इतकं हलकं मला ल्हाम्सुरेन गेल्यापासून वाटलं नव्हतं. आठ दिवस तशीच हलकी फिरत होते आणि विचार करत होते. योंदोन, तू लिहिलंस, उपाय सुचत नाही. मलाही सुचत नव्हता. मी त्रेसष्ट माणसांशी भांडले, तुझं घर उठवून इथे आणायला निघाले, का? तर मला शेजारी तू हवा होतास. म्हणजे मला तू हवा होतास. हे शहर त्यात कुठून आलं? ते मी सवयीने धरून बसले होते.

मग काल पुरेवकडे गेले. म्हटलं, माझं नाव काढा. ते म्हणाले, ‘कशातून?’ म्हटलं, अंगणातून, वस्तीतून, सगळ्यातून. खिडकी हांडाला द्या, तिला मी सगळं शिकवलंय, नळाला हात कसा हलका लावायचा तेसुद्धा. पेन्शन मी तालुक्याला घेईन. पुरेवनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘दुलमाबाई, नऊ वर्षं ही यादी माझ्याकडे आहे. वाढतेच आहे. कोणी जागा सोडली म्हणून वरचं नाव खोडतोय ते पहिल्यांदाच.’ वरचं नाव एका खाणकामगाराच्या विधवेचं होतं, दोन मुली आहेत तिला. संध्याकाळी ती माझं अंगण बघायला आली, आणि कुठून काय धरावं ते न कळून माझ्या चुलीलाच हात लावून उभी राहिली.

म्हणजे वस्ती चारशेच राहिली. माझ्या ठरावाला धक्का लागला नाही.

बावीस तारखेला गोंचिगचा ट्रक तिकडे येतोय, मी त्याच्यातून येते. घर लहान आहे, दोघांनी एका तासात उभं राहील. उंटांच्या विरुद्ध मी जे जे लिहिलं ते विसरून जा. चिमगे, वड्या कशा करायच्या ते शिकव, इथल्यांना पोचवायच्या आहेत.

माझ्यासाठी जागा बघून ठेवा. दार दक्षिणेला, पाठीला टेकडी, तुमच्या घरापासून हाकेवर. योंदोनला ऐकू येत नाही, तेव्हा चिमगेच्या हाकेवर. फक्त विहिरीपासून लांब असू दे, दिसताच कामा नये. सव्वीस वर्षं किती पुरेल आणि किती नाही तेच बघत बसले. आता ते तू बघ, मी झोपणार आहे.

दुलमा